चाळीसपैकी सात गुण

बाळांनो,

गेल्या वर्षभरात तुम्ही व्हिडिओ कॉलवर मला निदान वीस वेळा तरी विचारलं असेल, "आजी, हाऊ आर यू बोथ?" आणि प्रत्येक वेळी मी म्हटलं, "वुई आर मॅनेजिंग व्हेरी वेल." आयुष्यभर इंग्रजी शिकवल्यामुळे अशी वाक्यं माझ्या तोंडून आपोआप निघतात. ती खोटी असतात असं नाही, पण त्यांच्यात फारसं काही मावत नाही. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. तुमचं मराठी वाचन अडखळतं हे मला ठाऊक आहे. थोरलीनं धाकट्याला मोठ्यानं वाचून दाखवावं. अडलं तर बाबाला विचारा, मात्र त्याला सगळं एकदम सांगू नका. तो लगेच विमानाचं तिकीट काढतो.

आजोबांना अर्धांगवायू झाला त्याला आता दोन वर्षं झाली, हे तुम्हाला माहीत आहे. उजवा हात आणि उजवा पाय सांगितलेलं ऐकत नाहीत. तोंड मात्र पूर्वीइतकंच चालतं, किंबहुना जास्तच. तुम्हाला जे माहीत नाही ते म्हणजे आमची सकाळ. दहा वाजता आंघोळ. पलंगावरून चाकांच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि मग हीच सगळी वाट परत. म्हणजे एका आंघोळीला चार वेळा उठवणं. ते माझ्यापेक्षा सव्वापट जड आहेत आणि मी त्र्याहत्तर वर्षांची आहे.

बहुतेक दिवशी जमायचं. कधीकधी त्यांचा गुडघा ऐन वेळी दगा द्यायचा आणि ते हळूहळू घसरत खाली फरशीवर बसायचे. आपटायचे नाहीत, बसायचेच. मग ते मला उचलता येत नसत. आमच्या घराखाली धान्याचं ठोक दुकान आहे, जुन्या जालन्यातल्या बहुतेक घरांखाली काही ना काही दुकान असतंच. मी गॅलरीत जाऊन खाली वाकून म्हणायची, "दोघं वर या." दुकानातले दोन हमाल वर यायचे, एक मिशीवाले वयस्कर आणि एक त्यांचा मेहुणा. येताना एक रिकामं पोतं आणायचे. ते पोतं आजोबांच्या खाली सरकवायचं, दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, "हं" म्हणायचं आणि आजोबा खुर्चीत. आजोबा दर वेळी विचारायचे, "किती भरलो?" मिशीवाले म्हणायचे, "सर, तुरीच्या भरलेल्या कट्ट्यापेक्षा थोडे जास्त." आम्ही हसायचो, ते खाली जायचे, आणि मी ही गोष्ट कुणाला सांगायची नाही. आधी महिन्यातून एकदा होत असे. गेल्या हिवाळ्यापर्यंत आठवड्यातून दोनदा होऊ लागलं होतं.

आता माझ्या डोळ्याकडे येते, कारण सगळं त्याच्यामुळे घडलं.

माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळं वाचन, सगळ्या वह्या तपासणं, सगळं उजव्या डोळ्यानं केलेलं. हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या उजव्या डोळ्यात उजेड मारून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, इतके दिवस कुठं होतात?" मी घरीच होते. मोतीबिंदू पिकला आहे, उन्हाळ्याच्या आत ऑपरेशन करून घ्या, आणखी थांबलात तर नजरेची खात्री मी देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन तसं थोडक्या वेळाचं. पण नंतर तीन आठवडे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. त्यांना आमचं घर माहीत आहे, म्हणून त्यांनी वर जोडलं, "आणि सरांना तर बिलकुल न्हाई."

तेव्हा प्रश्न एवढाच होता: ते तीन आठवडे आजोबांना कोण उठवणार? कोणी मिळालं नाही, तर माझा एकुलता चांगला डोळा जाणार होता.

तुमच्या बाबाला मी कळवलं नाही. त्याची सगळी रजा मागे आजोबांच्या आजारात संपलेली, आणि नोकरी नवी. मी स्वतः शोधायचं ठरवलं आणि, तुम्ही ओळखलं असेलच, एक फाइल केली. निळी, मधे जाड कागद घालून चार भाग पाडलेली: सरकारी, खासगी, संस्था, ओळखीचे.

खासगी भाग सर्वांत आधी संपला. संभाजीनगरच्या एका एजन्सीतल्या मुलीनं माझं सगळं गोड आवाजात ऐकून घेतलं, पिनकोड विचारला आणि जालन्यात सध्या सर्व्हिस नाही म्हणून सांगितलं. मग मोबाइलवर एक ॲप उतरवलं. त्यानं माझी भाषा विचारली, वय विचारलं, आजार विचारला, आणि दहा मिनिटांत पोहोचू शकेल असा एक फिजिओथेरपिस्ट दाखवला. तो पुण्यात होता.

सरकारी भागात मी ज्येष्ठ नागरिकांच्या मोफत हेल्पलाइनला फोन केला. तुम्ही मोठे झाल्यावर लक्षात ठेवा, असा नंबर असतो आणि तो उचललाही जातो. पलीकडच्या मुलीनं ओळीनं प्रश्न विचारले. पेन्शनची अडचण आहे का, जागेचा वाद आहे का, कोणी घरातून काढतंय का. मग विचारलं, तुम्हाला घरात कोणी त्रास देतं का. त्याच क्षणी आजोबा दुसऱ्या चहासाठी पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवत होते. मी म्हटलं, "देतात, पण ते लग्नापासून." ती हसली नाही. तिनं ते लिहून घेतलं. तो विनोद होता हे पटवून द्यायला मला पुढची पाच मिनिटं लागली.

तिनं दोन नंबर दिले. पहिला एका वृद्धाश्रमाचा. तिथले व्यवस्थापक भले गृहस्थ होते. तीन आठवडे आनंदानं ठेवून घेतो म्हणाले, फक्त माणूस स्वतःचा स्वतः न्हाणीघरात जाणारा हवा. मी म्हटलं, तसा असता तर मी फोनच केला नसता. ते म्हणाले, बराबर आहे. दुसरा नंबर एका कार्यालयाचा. तिथं मी रिक्षानं जाऊन आले. तिथल्या कारकुनानं मला पंखा लावून दिला, पाणी दिलं आणि योजना समजावल्या. चाकांची खुर्ची मिळते, श्रवणयंत्र मिळतं, चष्मा मिळतो, काठी मिळते. मी विचारलं, पंधरा-वीस दिवसांसाठी माणूस मिळतो का? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "माणूस न्हाई मिळत मॅडम. वस्तू मिळते." मी काठीचा अर्ज घेऊन परत आले. घरात तीन काठ्या आहेत.

ओळखीच्यांत आजोबांचा शहागडचा पुतण्या. तो म्हणाला, "काकू, हरभरा निघाला की आलोच." तो खरंच आला असता. पण डॉक्टरांनी हरभऱ्याचं वेळापत्रक विचारात घेतलेलं नव्हतं.

संस्था हा भाग कोराच होता. तो भरला समोरच्या सिस्टरनं. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. एकदा मी जिन्यावरून भिंतीला हात लावत, पायरी चाचपत उतरताना त्यांनी पाहिलं आणि मला अडवून सगळं काढून घेतलं. मग म्हणाल्या की विहाराच्या हॉलमध्ये दर बुधवारी म्हाताऱ्या माणसांची बैठक असते. बीपी तपासतात, कॅरम खेळतात, अर्ज भरून देतात. तिथं एका संस्थेची मुलगी येते. ज्यांच्या घरी करणारं कोणी नाही अशांकडे ही संस्था रोज चार तास शिकवून तयार केलेला मदतनीस पाठवते. आधी घरी येऊन पाहणी करतात आणि गुण देतात. ज्याची अडचण मोठी, त्याला गुण जास्त. जास्त गुणवाल्यांचा नंबर आधी.

ही बुधवारची बैठक आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होती आणि वर्षानुवर्षं चालू होती. मला ती माहीतही होती. ती गरज असलेल्यांसाठी आहे असं मी समजत होते.

पाहणीसाठी मंगळवार ठरला आणि इथं आमचा घोटाळा झाला. तुमचे आजोबा गणिताचे शिक्षक, मी इंग्रजीची. शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की काय करायचं हे आमच्या हाडात मुरलेलं. भिंतींना चुना लागायचा, तक्ते नवे व्हायचे, आणि कच्च्या मुलांना त्या दिवशी माठ भरायला पाठवलं जायचं. मंगळवारी सकाळी आम्ही नेमकं तेच केलं, आणि कोणी कोणाला सुचवावंही लागलं नाही. मी पलंगावर नवी चादर घातली. औषधांच्या डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या लावल्या. चाकांची खुर्ची घडी करून कपाटामागे ठेवली. न्हाव्याला घरी बोलावून आजोबांची दाढी करून घेतली, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला. खिडकीचा गज धरून उभं राहायची तालीम त्यांनी तीनदा केली. खालच्या दोघा हमालांना मी सांगून आले की एक पाहुणी येणार आहे, तुम्ही आमच्याकडच्या उचलाउचलीचं काही बोलू नका.

संस्थेची मुलगी स्कूटीवर आली. तिशीची, अंबडकडची, बोलायला मोकळी. तुमच्याशिवाय मला "आजी" म्हणणारी ती पहिलीच, मला अख्खं गाव मॅडम म्हणतं. तिनं फॉर्म काढला. एकटे उठता का, असं तिनं आजोबांना विचारलं. आजोबा गज धरून उभे राहिले. मनात दहापर्यंत आकडे मोजत होते, हे त्यांनी नंतर सांगितलं. "हे काय, उभाच आहे," म्हणाले. पडता का? नाही. जेवण हातानं? डाव्या हातानं चहाचा कप उचलून त्यांनी घोटही घेतला. मग मला विचारलं, उचलावं लागतं का? मी म्हटलं, आधार द्यावा लागतो थोडासा. मग मी तिला फाइल दाखवली, शिरा दिला. ती म्हणाली, "आजी, असं घर मी पाह्यलंच न्हाई अजून." ती गेल्यावर आम्ही दोघं इतके खूश होतो की आजोबांनी दुपारी झोपच घेतली नाही.

पुढच्या सोमवारी तिचा फोन आला. तुमचं नाव यादीत बसलं नाही, सॉरी. चाळीसपैकी सात गुण पडले.

मी आयुष्यात नापास झालेली नव्हते. मी काय केलं असेल? अर्ज लिहिला. इंग्रजीत, संगणकावर अक्षरं भलीमोठी करून, दोन पानी, तीन मुद्द्यांत, शेवटी आपली विश्वासू. तो घेऊन सिस्टरकडे गेले. त्यांनी तो वाचला नाही, हातात घेऊन नुसता पाहिला आणि बाजूला ठेवला.

"स्वतः लिहिलं?"

"हो."

"मंग हे पाहून ते म्हणतील, या बाईला काय कमी हाय. मॅडम, त्या पोरीला नुसता फॉर्म भरायचा होता. तुम्ही तिला इन्स्पेक्शन देऊन बसल्या."

मग त्यांनी मला नीट झापलं. दवाखान्यात त्यांनी असे रुग्ण पुष्कळ पाहिले म्हणाल्या. डॉक्टर राउंडला आले की उठून बसणारे, केस विंचरणारे, आणि डॉक्टर गेले की कण्हणारे. शेवटी म्हणाल्या, मी तिला परत यायला सांगते, आंघोळीच्या टायमाला. तुम्ही काहीही करायचं नाही. कपबशासुद्धा विसळायच्या नाहीत.

यात एक अडचण होती. आंघोळ माझी नव्हती, आजोबांची होती. जो माणूस वर्गात कधी बाह्या दुमडून उभा राहिला नाही, त्याला मुलीच्या वयाच्या परक्या बाईसमोर पंच्यावर बसवायचं, आणि तेही आपलं काय काय जमत नाही ते दाखवायला. मला विचारायचा धीर झाला नाही. दोन दिवस तसेच गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. एका हातानं पेपर उघडा धरता येत नाही, म्हणून आजारपणापासून मी वाचते आणि ते ऐकतात. क्रिकेटच्या सामन्याचा धावफलक वाचून संपवला तेव्हा ते म्हणाले, "थांब. तू सांगितल्या त्या धावांची बेरीज कर."

मी म्हटलं, कशाला?

"कारण ती तुझ्या एकूण धावांपेक्षा सदतीसनं कमी येऊन राह्यली."

मी म्हटलं, छपाईची चूक असेल.

"दोन महिन्यांपासून रोज छपाईची चूक?" ते म्हणाले. "आणि अग्रलेख कोण लिहून राह्यलंय? मला कळत न्हाई होय? तूच लिहितेस. चांगले असतात. लवकर संपतात."

मी पेपरची घडी घातली. हे खरं होतं. मथळे मला दिसत होते, खालचा मजकूर विरघळल्यासारखा झाला होता, आणि मी मथळ्यावरून अंदाजानं पुढचं रचून सांगत होते. त्यांना कळू नये म्हणून. त्यांना आधीच आपल्यामुळे मी अडकले असं वाटतं.

"खरं सांग, किती दिसतं?"

"तुम्ही दिसता की. निळा शर्ट घातलाय."

"हिरवा हाय," ते म्हणाले. "सकाळी तूच घातलास."

मग मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, उन्हाळ्याच्या मुदतीसकट. सिस्टर काय म्हणाल्या तेही सांगितलं. ते डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक सरळ करत राहिले. व्यायाम म्हणून नव्हे, विचार करताना आता ते तसंच करतात.

"बोलव त्या पोरीला," ते म्हणाले. "आंघोळीलाच बोलव."

"तुम्हाला चालेल?"

"न्हाई चालणार. पण बोलव."

ती शुक्रवारी दहाला आली. मी सिस्टरचा शब्द पाळला. कपबशा तशाच, चादर कालचीच, चाकांची खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी आणि तीत आजोबा. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, नाहीतर ते काहीतरी आवरायला निघाले असते. पण आजोबांचं काय? मुलगी दारात दिसताच त्यांच्या अंगात पुन्हा तपासणीचा दिवस संचारला. "मी माझा उठतो, पाहा," म्हणाले, आणि मी पोहोचायच्या आत खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा. गुडघ्यानं त्यांचं ऐकलं नाही. ते चौकटीला पाठ घासत सावकाश खाली आले आणि खांद्यावर टॉवेल, कमरेला पंचा अशा वेषात फरशीवर बसले.

मुलगी धावली. तिनं काखेत हात घालून ओढून पाहिलं. आजोबा तिला म्हणाले, "पोरी, राहू दे, तुझी कंबर जाईल." मी दुसऱ्या बाजूनं लावलेला जोर कुणाच्या लक्षातही आला नाही. मग माझ्या हातून सवयीनं तेच झालं. मी गॅलरीत गेले, वाकले आणि म्हटलं, "दोघं वर या."

एका मिनिटात ते वर आले. पोतं खांद्यावर होतंच. मिशीवाल्यांनी कोणालाही काही न विचारता ते पसरलं, म्हणाले, "सर, डावा पाय आधी," मेहुण्यानं पाठीमागून सरकवलं, चार कोपरे, "हं," आणि आजोबा खुर्चीत. त्या दिवशी आजोबांनी वजन विचारलं नाही.

मुलगी भिंतीला टेकून पाहत होती. तिनं मिशीवाल्यांना विचारलं, "मामा, हे नेहमीचं हाय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी बोलू नका म्हणून सांगितलेलं होतं आणि त्यांनी ते पाळलं होतं. मी म्हटलं, सांगा.

"हप्त्यातून दोनदा तरी," ते म्हणाले. "आम्ही गाडी भरायला मोंढ्याच्या बाजारात गेलो की मंग सरांना बसून राहावं लागतं. परवा दीड घंटा बसले."

हे तर मी सिस्टरलाही सांगितलं नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी दीड तास आजोबा न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसले होते आणि मी त्यांच्याशेजारी पाटावर. त्यांना गार वाटू नये म्हणून मी त्यांच्याभोवती शाल गुंडाळली होती, आणि वेळ जावा म्हणून त्यांनी माझ्याकडून एकोणतीसचा पाढा म्हणवून घेतला होता. मला तो येत नाही हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्यांना कळलं, आणि त्यावर ते अर्धा तास हसले.

मुलीनं नवा फॉर्म काढला. या वेळी तिनं आम्हाला फारसं विचारलं नाही, पाहिलेलंच लिहिलं. माझ्यापाशी येऊन मात्र विचारलं, "आजी, तुम्हाला किती दिसतं?" फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. सांभाळणाऱ्याचं काय, हे कोणी विचारायचं ठरवलेलंच नव्हतं. तिनं ते समासात उभं लिहिलं, ऑपरेशनच्या मुदतीसह, आणि खाली रेघ मारली.

"किती पडले?" आजोबांनी विचारलं.

"एकतीस, आजोबा."

"सातावरून एकतीस," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "पोरगं अभ्यासाला लागलं म्हणायचं."

दहा दिवसांनी मदतनीस आला. पंचेचाळिशीचा, पूर्वी हायवेवर ट्रक चालवणारा. स्वतःच्या आईला शेवटची तीन वर्षं सांभाळल्यावर त्यानं हे शिक्षण घेतलं. मी त्याला चौदा मुद्द्यांचा कागद दिला. त्यानं तो आदरानं घडी करून खिशात ठेवला आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून उघडलेला नाही. त्यानं आजोबांच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधला, त्यांच्या गुडघ्याला आपला गुडघा लावला आणि एकट्यानं त्यांना उभं केलं. मी पाहतच राहिले. दोन वर्षं मी त्यांना हाताला धरून ओढत होते. ते चूक होतं. त्यांच्या खांद्याचं दुखणं त्यातलंच होतं. दोन वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही, कारण मी कोणाला उचलताना दिसलेच नव्हते.

हमाल आता हाक न मारताच वर येतात, चहाला. बुधवारी मी बैठकीला जाते. माझी निळी फाइल इतरांच्या उपयोगासाठी तिथंच ठेवली आहे आणि ती दर वेळी कोणीतरी विस्कटतं. मी एकदाच लावून देते आणि सोडून देते.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. सोबत सिस्टर होत्या. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मला पहिल्यांदा दवाखान्याची भिंत दिसली. ती पांढरी होती. गेलं वर्षभर मी सगळ्या पांढऱ्या भिंती पिवळट समजून चालले होते आणि मनातल्या मनात लोकांच्या रंगकामाला नावं ठेवत होते.

घरी आले ती काळा चष्मा लावून. वाकायचं नाही, उचलायचं नाही, डोक्यावर पाणी नाही, दिवसातून सहा वेळा थेंब. दहा वाजले. आत आंघोळ सुरू झाली. माझं तिथं काही काम नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते आणि आतून पाण्याचा आवाज येत होता. मग आजोबांचा आवाज. ते त्याला ट्रकच्या सरासरी वेगाचं गणित घालत होते, आणि तो सांगत होता की सर, गणितात घाट धरला न्हाई तुम्ही. दोघं हसले. मला जरा एकटं वाटलं, ते तुम्हाला सांगून टाकते.

मग ते बाहेर आले. चाकांच्या खुर्चीत, अंगात स्वच्छ बनियन, केस उलटे विंचरलेले, कारण मदतनीस स्वतःचे तसे विंचरतो. आजोबांच्या डाव्या कानामागे साबणाचा फेस राहिला होता, बोटभर. तो मला खोलीच्या या टोकावरून दिसला. तो पुसायला मी पदर हातात घेतला. आणि मग तो सोडला, आणि बसून राहिले.